सुया घ्यायला जाण्याआधी सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी बघा

पत्र : ताई, मी ४८ वर्षांची. विक्रोळीला कन्नमवारनगरात राहते, नोकरी फोर्टला. दोन वर्षं कंबर दुखते. कळ डाव्या कुल्ल्यातून निघून पोटरीपर्यंत जाते. गेल्या वर्षी एमआरआय केला, त्यात खालची गादी थोडी सरकलीय असं आलं. दुखण्याच्या गोळ्यांनी पित्त होतं, व्यायाम चार दिवस होतो आणि सुटतो. शेजारच्या वहिनींना ॲक्युपंक्चरनं, म्हणजे बारीक सुया टोचून करतात त्या चिनी उपचारानं, आराम पडला. त्यांच्या सेंटरमध्ये विचारलं तर बारा सिटिंगचे ९,६०० रुपये, दोघी आलात तर १५,०००, आणि पैसे आधी. म्हणून सासूबाईंनाही न्यावं असं मनात आहे. त्या ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, शुगर आहे, सात महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. माहेर सोलापूर. ‘ही आमच्या डॉ. कोटणीसांची विद्या, त्यात वाईट काही नसणार,’ म्हणून त्या तयारच आहेत. हे म्हणतात, सगळं थोतांड. जावं का? आणि जाण्याआधी काय माहीत असावं?

उत्तर : तुमच्या पत्रात माणसं दोन, दुखणी दोन आणि पॅकेज एकच. मला पहिली काळजी त्या पॅकेजची वाटली. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवा आणि मग सुया घेऊन बघा, माझी हरकत नाही. सासूबाईंना मात्र इतक्यात नेऊ नका. सवलत मिळते म्हणून तर नाहीच.

आधी त्यांचंच बोलते. अँजिओप्लास्टी झाली म्हणजे बहुधा स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला असणार, आणि स्टेंट असला की रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या चालू असतात. चिठ्ठी काढून बघा. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर असं एखादं नाव सापडेल. या गोळ्या चालू असताना सुई टोचली तर रक्त थांबायला जरा वेळ लागतो, जागा काळीनिळी पडते. तेवढ्यानं फारसं बिघडत नाही. सुया लावणाऱ्याला ते आधी माहीत मात्र हवं. खरा धोका एका वाक्यात असतो: ‘सिटिंगच्या दोन दिवस आधी त्या रक्ताच्या गोळ्या बंद ठेवा.’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. पहिल्या वर्षात या गोळ्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, म्हणजे थेट हार्ट अटॅक. त्या कधी कमी करायच्या, कधी थांबवायच्या हे त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्यांनाही हेच लागू. सुयांनी मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका.

शुगरचं आणखी एक. बऱ्याच सेंटरमध्ये सुयांबरोबर शेकही देतात. कुठे लाल दिवा असतो, कुठे मोक्सा. मोक्सा म्हणजे दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीची वाळलेली पानं कुटून केलेली वात. ती पेटवून त्वचेजवळ धरतात. बरीच वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या पावलांची जाणीव कमी झालेली असते, चटका बसला तरी कळत नाही. मी पालिकेच्या रुग्णालयात एकतीस वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. शेकाच्या साध्या रबरी पिशवीनं भाजलेले शुगरवाल्यांचे पाय मी पाहिलेत. महिना महिना ती जखम भरत नाही.

आणि एवढं सांभाळून गुडघ्याला मिळणार काय? ब्रिटनमधली नाइस ही संस्था तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला कुठले उपचार द्यावेत ते सांगते. गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये, असं तिनं २०२२ साली स्पष्ट लिहिलं. त्यापेक्षा सासूबाईंना रोज खुर्चीत बसवा, एक पाय समोर ताठ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरायला सांगा, मग दुसरा. असं दहा दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. देवपूजेला जमिनीवर न बसता स्टुलावर बसू दे. घरात कमोड नसेल तर वर ठेवायची प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती आणा. तुम्ही एकट्या गेलात तर वाचणाऱ्या ५,४०० रुपयांत ती खुर्ची आणि चांगल्या चपला दोन्ही येतील. तीन महिन्यांनी फरक पडला नाही तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुयांचा विचार करा. तेव्हा मी अडवणार नाही.

डॉ. कोटणीसांविषयी त्यांना जरा मायेनं सांगा. सोलापूरच्या माणसाला त्यांचा अभिमान असायलाच हवा. आपल्या परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातच ते शिकले. १९३८ साली भारतातून जे पाच डॉक्टर चीनला गेले त्यांत ते होते, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेले, अवघ्या ३२ व्या वर्षी. पण त्यांनी तिथे केलं ते शस्त्रक्रियेचं काम, आघाडीवरच्या जखमी सैनिकांचं. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकून आले आणि त्यांनी कोलकात्यात ती सुरू केली. सेंटरच्या भिंतीवर कोटणीसांचा फोटो दिसला तर नमस्कार जरूर करावा. उपचार करणाऱ्याचं प्रमाणपत्र मात्र वेगळं पाहावं. त्याकडे येतेच.

आता तुमची कंबर. तुमचा एमआरआय वर्षाचा जुना आहे. सुया घेण्याआधी एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. घाटकोपरचं राजावाडी तुम्हाला जवळ आहे, तिथल्या ओपीडीत केसपेपर काढला तरी काम होईल. काही गोष्टी त्यांना आपणहून सांगा, ते विचारण्याची वाट बघू नका. संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री कूस बदलली तरी दुखणं थांबत नाही असं होतं का, चालताना पाऊल किंवा चप्पल निसटते का. आणि लघवी अडली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर ओपीडीची वेळ बघायची नाही, त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठायची. तिथे मज्जातंतू दबलेले असतात आणि तासांचा हिशोब असतो.

हे इतकं बजावून सांगते त्याला कारण आहे. माझ्या मावसबहिणीचे यजमान पाठ दुखते म्हणून एका सेंटरमध्ये तीन महिने जात होते. दर सिटिंगनंतर एक दिवस बरं वाटायचं, म्हणून पुन्हा जायचे. वजन सात किलो उतरलं, ते म्हणायचे डबा खाल्ला जात नाही. शेवटी पाय जड पडायला लागले तेव्हा ती मला फोन करून रडली. मणक्याचा टीबी निघाला. मुंबईत हा आजार दुर्मीळ नाही, आणि तो छातीऐवजी मणक्यात बसला की खोकलाही नसतो. दीड वर्षाच्या गोळ्यांनी ते बरे झाले, पण डावा पाय अजून किंचित ओढतात. त्या माणसानं सुया चुकीच्या टोचल्या असं मी म्हणत नाही. स्वच्छ सुया, स्वच्छ खोली, बोलायला गोड माणूस. फक्त तीन महिन्यांत त्यानं एकदाही विचारलं नाही की ताप येतो का. आणि मी घरातली, रुग्णालयात काम करणारी, मीही विचारलं नाही. सुईनं होणारी इजा बहुतेक वेळा क्षुल्लक असते. सुईच्या भरवशावर जे राहून जातं, त्यानं माणसाचं नुकसान होतं.

तुमच्याकडे यातलं काही निघालं नाही, नस थोडी दबलीय एवढंच निघालं, तर मग सुयांचा विचार करायचा.

यजमान थोतांड म्हणतात, शेजारच्या वहिनी गुण आला म्हणतात. दोघांनाही एक जर्मन अभ्यास सांगते. २००७ साली तो प्रसिद्ध झाला. जुन्या कंबरदुखीचे ११६२ रुग्ण घेतले आणि तीन गट केले. एका गटाला नियमाप्रमाणे ठरलेल्या बिंदूंवर सुया. दुसऱ्या गटाला सुया लावल्या, पण मुद्दाम भलत्याच जागी आणि अगदी वरवर. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला आराम होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. सुया घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटलं, यात शंका नाही. पण सुई नेमकी कुठे टोचली यानं जवळपास काहीच फरक पडला नाही. मग आराम कशानं पडला? टोचण्यानं मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनांवर काही परिणाम होत असेल. अर्धा तास शांत पडून राहण्याचा असेल, कुणीतरी मन लावून आपल्याकडे बघतंय याचाही असेल, आता बरं वाटेल या अपेक्षेचा असेल. मला वाटतं, सगळं मिळून. यामुळेच जाणत्यांचंही एकमत नाही. नाइसनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं गोळ्यांच्या आधी करून बघण्याच्या उपायांत त्याचं नाव घातलं. थोतांड म्हणून झटकून टाकण्यासारखं ते नाही. पण सरकलेली गादी सुईनं जागेवर बसते असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. सुई गादीपर्यंत पोचतही नाही. गादीमुळे आलेली कळ पुष्कळांची काही महिन्यांत आपोआपही उतरते, आणि त्याचं श्रेय त्या वेळी जो उपचार चालू असेल त्याला मिळतं.

आता सेंटर. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. केंद्रानंही २०१९ मध्ये ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. म्हणून समोरच्याला नोंदणी क्रमांक विचारायला मुळीच संकोच करू नका. नावाआधी ‘डॉ.’ आहे एवढ्यावर थांबू नका, मूळ शिक्षण काय तेही विचारा. एमबीबीएस असेल, आयुर्वेदाचं असेल, फिजिओथेरपीचं असेल, किंवा यातलं काहीच नसेल. ज्याला राग येत नाही आणि जो सरळ सांगतो तो मला बरा वाटतो. आमच्या फिजिओथेरपीतले काही जण ‘ड्राय नीडलिंग’ करतात. तीही तशीच बारीक सुई, पण ती आखडलेल्या स्नायूच्या गाठीत घालतात, चिनी बिंदूंशी तिचा संबंध नसतो. आणि ॲक्युप्रेशर निराळंच. त्यात सुई नाही, बोटांचा दाब आहे. लोकलमध्ये विकतात ते लाकडी रोलर त्यातले.

सुई पाहून घाबरू नका. ती साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते, रक्त काढायच्या सुईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. भरीव असते, तिच्यातून औषध वगैरे काही जात नाही. पण ती निर्जंतुक, एकदाच वापरायची, आणि पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडलेली हवी. ‘तुमच्या नावाची डबी ठेवलीय, तुमच्याच सुया तुम्हाला’ असं काही ठिकाणी अजून चालतं. तिथे नको म्हणा. डब्या बदलायला एक गडबडीचा दिवस पुरतो, आणि कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही हे सगळे रक्तातून पसरणारे आजार आहेत. वापरलेल्या सुया कुठे टाकता तेही बघा. नियमाप्रमाणे त्या टोचून बाहेर न येणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातात. साध्या कचऱ्याच्या टोपलीत सुया दिसल्या तर त्या माणसाला उद्या त्या उचलणाऱ्या सफाई कामगाराची पर्वा नाही, मग तुमची किती असेल?

जर्मनीतच २,२९,२३० रुग्णांची दुसरी एक पाहणी झाली होती, २००९ साली प्रसिद्ध झाली. साधारण ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना काळंनिळं पडणं, थोडं रक्त, दुखणं. दोघांच्या फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा भरली. मोठ्या संख्येत दोन म्हणजे काहीच नाही, पण तिथे सुया लावणारे सगळे प्रशिक्षित डॉक्टर होते हे विसरू नका. तुमचं दुखणं कमरेत आहे, तरी खांद्यावर किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया लावल्या आणि नंतर दिवसभरात छातीत टोचायला लागलं, दम लागला, तर ‘सुयांनी असं होतंच’ असं ऐकून घेऊ नका, लगेच रुग्णालयात जा. सुयांना बारीक करंट जोडणार असतील तर पेसमेकर असलेल्यांनी तो घ्यायचा नाही. दिवस गेलेले असतील तर तेही आधी सांगावं लागतं. तुमच्या घरी हा प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असेल. आणि बिननावाची पुडी किंवा कॅप्सूल दिली तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याचं आम्ही ओपीडीत किती वेळा पाहिलंय. आठ दिवस माणूस हरणासारखा पळतो आणि मग चेहरा सुजतो, शुगर चढते.

पैशांचं. तुमच्या हिशोबानं एका सिटिंगचे ८०० पडतात. त्यांनी सुट्या सिटिंगचे हजार मागितले तरी मी तेच दिले असते. बारांचे पैसे आधी भरले की तिसऱ्या सिटिंगला गुण नाही हे कळूनही माणूस बाराव्यापर्यंत जात राहतो, पैसे फुकट जातील म्हणून.

पहिल्या दिवशी उपाशी जाऊ नका. संकष्टी असेल, सोमवार असेल, तर वार बदला. रिकाम्या पोटी सुई लागल्यावर चक्कर येणारे पुष्कळ असतात, आणि पहिल्या वेळी बसून नाही, आडवं पडूनच सुया घ्या. ढगळ सलवार घाला. दार बंद खोलीत एकटीनं राहायचं नसेल तर बाई मदतनीस आत असू दे असं स्पष्ट सांगा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं. ती आत गेली की जड, बोथट ठणका येतो, मुंग्या येतात. मी मानेसाठी घेतल्या होत्या तेव्हा हात कोपरापर्यंत दगडासारखा झाला होता, आणि तसं होतं हे कुणी आधी न सांगितल्यामुळे मी घाबरले होते. तो ठणका चालतो. विजेसारखी चमक पायात गेली तर मात्र दात आवळून सोसू नका, लगेच सांगा, ती सुई काढतील. वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजायला सांगा, एखादी केसांत किंवा कपड्यात राहते. उठल्यावर दहा मिनिटं तिथेच बसा, पाणी प्या. लगेच गर्दीच्या लोकलला लटकायला जाऊ नका.

गुण येतोय का हे कळायला एक वही करा. शून्य ते दहा असे आकडे लिहायला डॉक्टर सांगतात, तेही लिहा, पण तुमच्यासाठी त्याहून चांगलं माप रेल्वेनं घालून दिलंय. विक्रोळीहून स्लो गाडीत उभ्यानं निघालात की कळ कुठल्या स्टेशनला सुरू होते? घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला? ज्या दिवशी बसायला जागा मिळाली तो दिवस धरू नका. सिटिंग सुरू होण्याआधी पंधरवडाभर हे स्टेशन लिहा, आणि मग सुरू झाल्यावर. त्या जर्मन अभ्यासात दहा सिटिंग होती, आठवड्याला साधारण दोन. तुम्ही सहांनंतर वही उघडा. कळ अजून कुर्ल्यालाच येत असेल तर सोडून द्या, आणखी सहांनी काही व्हायचं नाही. दादरपर्यंत जात असाल तर दहांतली उरलेली चार घ्या, आणि सुटलेला व्यायाम त्याच आठवड्यात पुन्हा धरा. कळ कमी असते ते थोडे दिवसच शरीर ऐकून घेतं. सुयांचा आराम ओसरल्यावर कंबर धरून ठेवायचं काम ते स्नायूच करतील.